वीस गुणांची सवलत की बंद केलेला दरवाजा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद वर्तमानपत्रांतून गाजली. दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल. मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा येईल आणि पुढे गणित-विज्ञानावर आधारलेले शिक्षण त्याला घेता येणार नाही, अशी ती तरतूद. बऱ्याच जणांनी तिचे स्वागत केले. पोराचे वर्ष वाचले, नापासाचा शिक्का पुसला, असे म्हटले गेले. आमच्या समाजातील काही पालकांनाही ही सरकारची दया वाटली. आम्हास ती तशी वाटत नाही.

हा आराखडा कोणता, हे वाचकांना आठवत असेल. मे २०२४ मध्ये याच आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतील श्लोक आला म्हणून महाराष्ट्रभर संताप उसळला होता. श्लोकाविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. परंतु श्लोक डोळ्यांना दिसतो आणि गुणांची तरतूद दिसत नाही. शेऱ्याचे हे २० गुण कोणाच्या वाट्याला येणार? ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, बाप अभियंता आहे, आई शिक्षिका आहे, त्याच्या वाट्याला ते येणार नाहीत. ते येणार घरातल्या पहिल्याच दहावी पाहणाऱ्या मुलाच्या वाट्याला. म्हणजे माण-खटावच्या वाडीवरील, जत-आटपाडीच्या वस्तीवरील, झोपडपट्टीतील आणि ऊसतोडीच्या तळावरील मुलाच्या. पंधराव्या वर्षी त्याच्यासाठी अभियांत्रिकी, औषधनिर्माण, संगणक, संख्याशास्त्र यांचे दरवाजे बंद होतील आणि ते बंद केल्याचा दोष कोणाकडेच जाणार नाही. द्रोणाचार्याला निदान अंगठा मागावा तरी लागला. येथे अंगठा मुलानेच कापून दिला, असे गुणपत्रिका सांगेल.

या तरतुदीच्या मुळाशी एक जुना समज आहे. काही मुलांचे डोकेच गणिताचे नसते, हा तो समज. आणि ती ‘काही मुले’ बहुतेक वेळा आपलीच असतात, हा योगायोग समजला जातो. या समजाला उत्तर देण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी या मुलाचे नाव साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. सन २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळेतले दिवस बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूला काढले. गणित सुटेल की नाही हा प्रश्न तेथे कोणालाच पडला नव्हता. फळ्याजवळ कोणाला जाऊ द्यायचे, हा प्रश्न होता. त्याच विद्यार्थ्याने १९२३ मध्ये ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा चलनाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आकडे, कोष्टके आणि दर यांच्या आधारे त्याने साम्राज्याच्या चलनधोरणाची चिकित्सा केली. तेव्हा आमच्या रक्तात गणित नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आधी हा ग्रंथ उघडून पाहावा.

मग आपली मुले गणितात अडतात ती कोठे? त्याची कारणे डोक्यात नाहीत, शिकवण्यात आहेत, हे आम्ही येथे क्रमाने दाखवू.

पहिली अडचण संख्यांच्या नावांतच आहे. मराठीत २१ ते ९९ या संख्यांत पूर्ण दशक सोडले तर ७२ निरनिराळे शब्द पाठ करावे लागतात. शिवाय बोलण्याचा क्रम उलटा. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी आणि तीन नंतर. मूल जे आधी ऐकते ते आधी लिहिते आणि ६३ चे ३६ होतात. त्यावर मास्तर लाल फुली मारतात. वास्तविक मुलाने ऐकण्यात काहीच चूक केलेली नसते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची सोपी पद्धत दिली. जुनी नावेही पुस्तकात होतीच. गणित विषय समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे समजावून सांगितली. त्यांना काय मिळाले? विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले आणि मराठी बुडाल्याची ओरड झाली. ज्यांच्या घरी आजी-आजोबांनी संध्याकाळी पाढे म्हणवून घेतले, त्यांना ‘सत्त्याहत्तर’ कधीच जड गेला नव्हता. म्हणून तो कोणालाच जड जात नाही, असे त्यांनी ठरवून टाकले.

आमच्या सांगली जिल्ह्यात याचा पडताळा घ्यायला जतला जावे. तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कन्नडमध्ये २१ ला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे इप्पत्तु अधिक ओंदु, वीस आणि एक. जसे बोलायचे तसेच लिहायचे. शेजारच्या गावातील कन्नड मूल जे सहज बोलते, ते मराठी मुलाला सोयीसाठी दिले तर मराठी भाषा कशी बुडते, हे आम्हास अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

दुसरी अडचण पुस्तकी भाषेची. ‘दर साल दर शेकडा’, ‘लसावि’, ‘पदावली’, ‘अपूर्णांकाचे अंशाधिक रूप’ हे शब्द वस्तीतल्या घरात कधी उच्चारले जात नाहीत. उलट त्या घरात जे गणित रोज बोलले जाते त्याला पुस्तकात जागा नाही. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या तोंडी असतात. सव्वा म्हणजे पाच चतुर्थांश, अडीच म्हणजे पाच द्वितीयांश. अपूर्णांकांचा गुणाकार त्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर करतात: सव्वा किलोचे चाळीसच्या भावाने पन्नास झाले. त्यांचेच मूल शाळेत ५/४ पाहून गांगरते. घरचे ‘सव्वा’ आणि फळ्यावरचे ५/४ एकच आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा एक प्रसिद्ध अभ्यास १९८५ मध्ये प्रकाशित झाला. पाहणी अवघ्या पाच मुलांची, परंतु निष्कर्ष डोळे उघडणारा. बाजारात हिशोब विचारला तेव्हा या मुलांची शंभरात ९८ उत्तरे बरोबर आली. तशीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांत दिली तेव्हा ७४, आणि कागदावर नुसते आकडे मांडून दिले तेव्हा अवघी ३७. मुले तीच, डोके तेच. बदलला तो फक्त प्रश्न विचारण्याचा रिवाज. आपल्याकडे २०२४ च्या ‘असर’ अहवालाने सांगितले की देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे ३० टक्के मुलांनाच भागाकार करता येतो. उरलेली ७० टक्के मुले मतिमंद आहेत काय? की भागाकार शिकवणारी पद्धत मंद आहे?

तिसरी अडचण भीतीची. येथे वकील म्हणून आम्हास कायद्याकडे बोट दाखवावे लागते. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम २९. त्याच्या पोटकलम दोनमध्ये म्हटले आहे की शिक्षण शक्य तितके मुलाच्या मातृभाषेतून असावे आणि मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवणारे असावे. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवणे, पाढा आला नाही म्हणून वर्गाबाहेर उभे करणे ही शिस्त नव्हे; तो या कायद्याचा भंग आहे. काही मुलांना आकडे समजण्यात खरोखरच अडचण असते. तिला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आणि सवलतीचा हक्क दिला. पण हा हक्क मिळतो प्रमाणपत्रावर, आणि तपासणीची सोय मोठ्या शहरांत. परिणाम असा की शहरातल्या सुखवस्तू मुलाच्या अडचणीला वैद्यकीय नाव मिळते आणि वस्तीतल्या मुलाच्या अडचणीला जातीचे.

आता अभ्यासक्रम मुलाच्या संस्कृतीशी जोडा, असे सरकारच म्हणू लागले आहे. ऐकायला गोड आहे. पण प्रश्न असा की कोणाच्या संस्कृतीशी? ‘भारतीय ज्ञान परंपरा’ या नावाखाली सर्वात आधी पुढे येते ते ‘वैदिक गणित’. शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये छापले गेले. त्यातील सूत्रे उपलब्ध असलेल्या कोणत्याही वेदात सापडत नाहीत, हे त्या पुस्तकाच्या संपादकांनीच प्रस्तावनेत सूचित केले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणिती प्रा. एस. जी. दाणी यांनी १९९० च्या दशकात हा दावा साधार खोडून काढला. त्यात आहेत त्या झटपट आकडेमोडीच्या युक्त्या. युक्त्या वापरायला हरकत नाही. पण त्यांना वेदाचा टिळा लावून बहुजन मुलांच्या माथी मारणे हे गणित नव्हे. आणि आपल्या तरुणांनाही सांगावेसे वाटते की वैदिक गणिताला उत्तर म्हणून कोणी ‘बौद्ध गणित’ काढू नये. तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला शिकवले. पुराव्याशिवाय दावा करणे हा त्यांचा मार्ग नाही.

आपली संस्कृती श्रमाची आहे, आणि श्रमात हिशोब असतो. महात्मा फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतिरावांनी प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखनाच्या जोडीला हिशोब आणि शेतीचे ज्ञान मागितले होते. शेतकऱ्याच्या मुलाला सावकाराचे आणि कुलकर्ण्याचे कागद वाचता यावेत, याची गरज त्यांनी ओळखली होती. आज कुलकर्णी गेला, पण कागद राहिला.

न्यायालयाच्या आवारात आम्ही हे नेहमी पाहतो. ‘महिना शेकडा पाच’ या दराने घेतलेले वीस हजार. दरमहा एक हजार व्याज, म्हणजे वर्षाला साठ टक्के. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरून झाले तरी मुद्दल जागेवरच. बचत गटाच्या नावाने येणारे कर्ज ‘फ्लॅट बारा टक्के’ असते. बारा हजार घेतले, बारा हप्त्यांत फेडायचे आणि व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर १,४४० रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते. वर्षभरात सरासरी साडेसहा हजारच वापरायला मिळतात. म्हणजे खरा दर सुमारे बावीस टक्के. हे उदाहरण नववीच्या पुस्तकात असते तर किती आयाबहिणींची सही विचारपूर्वक झाली असती!

असे धडे आमच्या दोन जिल्ह्यांत जागोजागी पडले आहेत. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा खणणाऱ्या वडार बांधवाने दोन ब्रास काम केले. ठेकेदाराने दीड लिहिले तर घनफळ येणारी त्याची मुलगी तेथेच बोट ठेवील. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. १९५८ च्या कायद्याने वतने संपली, पण वतनी जमिनीच्या सातबाऱ्यावरील हिश्शांचे तंटे आजही संपलेले नाहीत. दोन एकर जमीन, चार भाऊ, त्यातील एका मयत भावाचे पाच वारस. प्रत्येक वारसाचा हिस्सा एक विसांश, म्हणजे चार गुंठे, आणि मुलीचाही तेवढाच. अपूर्णांक आणि समता एकाच उदाहरणात शिकवता येतात. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. एखाद्या रविवारी मुलांना तेथे टेप घेऊन न्यावे. भिक्खूंच्या खोल्यांचे क्षेत्रफळ, स्तूपाचा घेर आणि व्यास. भूमिती पाषाणात कोरलेली आहे.

अमेरिकेत हे काम चळवळीने केले आहे. बॉब मोझेस हे १९६० च्या दशकात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणारे कार्यकर्ते. मार खाऊन, तुरुंगात जाऊन त्यांनी मतदानाचा हक्क मागितला. १९८२ पासून ते बीजगणित शिकवू लागले. त्यांचे म्हणणे असे की साठच्या दशकात जे स्थान मताला होते ते आता बीजगणिताला आहे. त्याच्यावाचून कृष्णवर्णीय मूल नव्या अर्थव्यवस्थेत वेठबिगारच राहील. ऋण संख्या शिकवण्यासाठी ते मुलांना शहरातील रेल्वेतून फिरवत, एक स्टेशन शून्य धरत आणि दोन्ही दिशांची स्टेशने मोजायला लावत. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडेही अशी रेल्वे आहे. मसूर स्टेशन शून्य धरावे. एका बाजूला तारगाव, रहिमतपूर, कोरेगाव, सातारा या अधिक संख्या. दुसऱ्या बाजूला कराड, टाकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज या उणे संख्या. मसूरच का? कारण १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेला भीमराव भावंडांसह याच स्टेशनवर उतरला होता. जात कळताच कोणी गाडीवान मिळेना. शेवटी मुलांनी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडीही स्वतःच हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. अस्पृश्यतेची किंमत किती, हे दोनच्या पाढ्यात शिकवणारा यापेक्षा मोठा धडा आम्हास माहीत नाही.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा, अशी योजना आणली होती. पेरियार आणि त्यांच्या चळवळीने तिला जातीचे शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांच्या सरकारने ती योजना गुंडाळली. ऊसतोड मजुराच्या मुलाला कोयत्याचाच हिशोब शिकवून तेथेच थांबवणारी पुस्तके आपल्याला नकोत. सुरुवात टनाच्या भावापासून आणि मुकादमाच्या उचलीपासून व्हावी, शेवट समीकरणात आणि आलेखात व्हावा. ओळखीच्या गोष्टी पायरीसारख्या वापरायच्या. तिच्यावर मुलाला बसवून ठेवायचे नाही.

वरच्या मजल्यावर काय चालते तेही पाहा. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्राध्यापकांचे आरक्षण मोजताना विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरले. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे पत्रक काढले. साधा भागाकार करा. शंभर भागिले पंधरा म्हणजे ६.६७, म्हणून अनुसूचित जातीची पहिली जागा सातवी. शंभर भागिले साडेसात म्हणजे १३.३३, म्हणून जमातीची पहिली जागा चौदावी. दोनशे जागांचे विद्यापीठ एकक धरले तर अनुसूचित जातींना ३० आणि जमातींना १५ जागा. त्याच दोनशे जागा पाच-पाचच्या चाळीस विभागांत वाटल्या तर दोघांनाही शून्य! टक्केवारी तीच, घटना तीच, फक्त भाजक बदलला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. देशभर आंदोलन झाले तेव्हा मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आणि नंतर कायदा करून विद्यापीठ हे एकक पुन्हा आणावे लागले. हे गणित ज्यांना उलगडले त्यांनीच आंदोलन उभे केले. २० गुणांचा शेरा घेऊन बाहेर पडलेली पिढी उद्या अशी बिंदुनामावली कशी तपासणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, २० गुणांचा तो शेरा नको. मूल मागे असेल तर त्याला जादा शिक्षक आणि जादा वेळ द्या. त्याचा रस्ता कापू नका. दोन, संख्यावाचनाच्या दोन्ही पद्धती प्राथमिक वर्गांत सन्मानाने चालू ठेवा. तीन, अध्ययन अक्षमतेची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी मोफत करा. चार, सातारा व सांगलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी गवंडी, वडार, ऊसतोड मजूर, भाजीवाल्या भगिनी यांच्यासोबत बसून स्थानिक गणिताच्या पुस्तिका तयार कराव्यात.

सरकार ऐकेपर्यंत आपणही हात बांधून बसण्याचे कारण नाही. गावोगावी विहारे उभी आहेत. वंदना झाल्यावर एक तास फळा लावा. गावातील बी.एस्सी. झालेली मुलगी, बँकेतील निवृत्त बांधव, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी यांना त्या फळ्यासमोर उभे करा. पहिल्या रविवारी सव्वा आणि दीड, दुसऱ्या रविवारी व्याज, तिसऱ्या रविवारी सातबारा, चौथ्या रविवारी बिंदुनामावली. येत्या ७ नोव्हेंबरला साताऱ्यात अभिवादनाला जाताना प्रत्येक तालुक्याने अशा किती विहारांत फळा लागला, तो आकडा सोबत न्यावा. बाबासाहेबांना फळ्यापर्यंत पोहोचताना डबे हलवणाऱ्यांचा गोंगाट ऐकावा लागला. आज फळा आपल्या विहारात आहे. मुलांना तेथवर नेणे तेवढे आपल्या हाती आहे.